माणशी किती पडंल?

टेबल राखून ठेवायला फोन करणारा माणूस दहा गोष्टी विचारतो. गाडी लावायला जागा आहे का, लिफ्ट चालू आहे का, जैनांचं जेवण मिळतं का, वाढदिवसाचा केक बाहेरून आणला तर चालेल का. खरं तर त्याला दोनच गोष्टी विचारायच्या असतात. काय घालून यायचं, आणि किती पैसे लागतील. पण या दोन गोष्टी कुणी सरळ विचारत नाही. पहिली विचारायची तर माणूस म्हणतो, "तिथं साधारण कशी पब्लिक असते हो?" दुसरी विचारायची तर म्हणतो, "तुमच्याकडं थाळी सिस्टीम आहे का?" थाळी नाही म्हटलं की पलीकडचा "बरं, घरी विचारून सांगतो" म्हणून फोन ठेवतो.

मी दोन्ही प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली होती. कपड्यांबद्दल सांगायचो, "घरच्या लग्नाला घालता तेवढं नको, शेजारच्या लग्नाला घालता तेवढं पुरे." खर्चाचा आकडा तर विचारण्याआधीच सांगून टाकायचो, आणि वर "गोड घेतलं तर थोडं जास्त" असंही. मालक एकदा रागावले. गिऱ्हाइकानं विचारलं नसताना भाव सांगतोस, आपण काय मंडईत बसलोय का? मी म्हटलं, मालक, आधी कळलं तर माणूस ठरवून येतो आणि सुखानं जेवतो. आल्यावर कळलं तर एक सूप घेऊन "आज भूकच नाही" म्हणतो. मालकांना ते पटलं असावं, कारण पुढं कधी बोलले नाहीत.

आमचं रेस्टॉरंट सोलापुरात होटगी रोडला, एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर. खाली गालिचा, टेबलावर पांढरं कापड, काचेतून शहराचे दिवे. मी तिथं आधी स्टुअर्ड होतो, म्हणजे वाढणारा, आणि नंतर कॅप्टन झालो. कॅप्टन म्हणजे जहाजाचा नव्हे. दारातून आलेल्या माणसाला टेबलापर्यंत नेणं, काय खावं हे सुचवणं, ऑर्डर घेणं, आणि शेवटी बिल नेऊन ठेवणं, हे कॅप्टनचं काम. गळ्यात टाय, अंगात काळा कोट. आमच्या पूर्व भागातल्या गल्लीत मात्र मी शेवटपर्यंत "वेटर अंबादास"च राहिलो. मीही कधी दुरुस्ती केली नाही. गल्लीत कोट घालून कोण फिरतंय?

माझा बाप यंत्रमागावर चादरी विणायचा. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि चोवीस तास मागाची खटखट, यात मी वाढलो. त्यामुळं कापड मला नजरेनंच कळतं. खोक्यातून नुकताच काढलेला शर्ट मी लांबून ओळखायचो. छातीवर घडीची रेघ आणि कॉलरच्या आत राहून गेलेली टाचणी. अशा माणसाला मी जरा आडोशाचं टेबल द्यायचो आणि त्याच्याकडं वारंवार जायचो नाही. नव्या कपड्यातलं माणूस पोटभर जेवत नाही, हे माझं अनुभवाचं शास्त्र आहे. त्याचं निम्मं लक्ष बाहीला रस्सा लागू नये याच्यावर असतं.

कपड्यांच्या तऱ्हा किती सांगाव्यात! एक गृहस्थ भर मे महिन्यात थ्री-पीस सूट घालून आले होते. सोलापूरचा मे म्हणजे सांगायला नको. त्यांचं सूप टेबलावर आलं आणि आमचा एसी बंद पडला. हॉलमधल्या बाकीच्यांनी बाह्या वर केल्या, हे मात्र कोटाचं एक बटण काढायला तयार नाहीत. मी हळूच म्हणालो, "साहेब, कोट अडकवून ठेवू का?" ते म्हणाले, "आत शर्टाला बाह्या नाहीत हो." बिचारे उकडून निघाले, पण निघताना मला हात जोडून गेले, कारण मी ते कुणाला बोललो नाही. आज लिहितोय, पण नाव थोडंच लिहितोय.

मालकांचा नियम होता, बर्म्युडा आणि रबरी चप्पल चालणार नाही. एकदा एक मोठे कंत्राटदार बर्म्युडावर आले. दारावरच्या माणसानं अदबीनं अडवलं. ते चिडले, खाली गेले, आणि थोड्या वेळानं फुल पँट घालून वर आले. पँट आखूड, कमरेला ढगळ. ड्रायव्हरची होती. ते पोटभर जेवले, दोन वेळा गुलाबजाम मागवले, आणि तेवढा वेळ त्यांचा ड्रायव्हर खाली गाडीत साहेबांची बर्म्युडा घालून बसून राहिला. आम्ही सगळे मोरीत जाऊन हसलो. नंतर मात्र मला त्याचं वाईट वाटायला लागलं. नियम साहेबांसाठी केला आणि भोगला ड्रायव्हरनं. मी त्याला खाली पराठे पाठवले, पण तो गाडीची काच खाली करायला लाजत होता.

आता खर्चाचं. "डाळीला एवढे पैसे?" हा प्रश्न मी नोकरीत रोज ऐकला. डाळ तुरीचीच असते, खोटं कशाला बोलू. पण गिऱ्हाईक डाळीचे पैसे देत नाही. टेबलावरच्या कापडाच्या धुलाईचे देतं, फुटलेल्या काचेच्या ग्लासांचे देतं, गारव्याचे देतं, आणि "साहेब, आणखी काही?" असं हसून विचारणाऱ्या माझ्यासारख्याच्या पगाराचे देतं. माझ्या बायकोला मी कितीदा म्हणालो, सुट्टीच्या दिवशी आपण दोघं गिऱ्हाईक म्हणून जाऊ. ती म्हणायची, "तुमच्याच बरोबरीची माणसं मला वाढणार, आणि मी खुर्चीत बसून खाणार? घास उतरायचा नाही मला." ते राहूनच गेलं, आणि त्याची चुटपूट अजून आहे.

पण आयुष्यात एका माणसानं मात्र मला हे दोन्ही प्रश्न अगदी सरळ विचारले. त्यांच्याबद्दलच सांगायचंय. बाकीचं सगळं त्यासाठी गोळा केलंय म्हटलं तरी चालेल.

दुपारची जेवणं उरकल्यावर आमच्याकडं शांतता असते. टेबलावरची कापडं बदलायची, ग्लास पुसायचे. अशा वेळी दारात एक म्हातारे गृहस्थ उभे दिसले. धोतर, पांढरी बंडी, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी. सांगोल्याकडचे मेंढपाळ हे बघताक्षणी कळत होतं. कातडी वहाणा काढून हातात धरल्या होत्या. दारावरच्या माणसानं त्यांना सांगितलं होतं की आत पायताण घालूनच जातात, पण खालचा गालिचा बघून त्यांचं मन होईना.

"सायेब, ह्ये जेवायचंच हाटेल हाय न्हवं?"

"होय आबा, या की आत. बसा."

ते खुर्चीच्या कडेवर बसले. वहाणा मांडीवर ठेवल्या. पाणी दिलं ते घटाघटा प्याले आणि म्हणाले, "दोन गोष्टी इचारायच्या हायती. हितं जेवायला येताना काय घालून यायचं आसतं? आन् माणशी किती पडंल?"

मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. मी म्हणालो, "आबा, जे अंगावर आहे तेच घालून या. पटका तर हवाच. आणि पैशाचं, हे कार्ड बघा."

त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि कार्डावर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. साधारणपणे माणसाची नजर आधी उजवीकडं जाते, जिथं भाव असतात. आबा डावीकडून उजवीकडं नीट जात होते, शाळेत धडा वाचावा तसे. डाळीपाशी थांबले.

"ही डाळ तुरीचीच की?"

"तुरीचीच."

"मग फोडणी काय सोन्याची देता?"

मी त्यांना कापड, काच, गारवा, पगार, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि मान हलवली. "म्हंजी लोकरीवाणी झालं की. मेंढराच्या अंगावर हाय तवर तिला कोण इचारतंय? कातरायची, पिंजायची, सूत काढायचं, इनायचं, मग घोंगडं. कामाचं पैसं हायती ह्ये."

मी विणकराचा पोरगा. मला यापेक्षा चांगलं कुणी कधी समजावलं नव्हतं. पुढं कुणी डाळीचा भाव विचारला की मी हेच सांगायचो, फक्त घोंगडं आबांचं होतं हे सांगायचो नाही.

मग ते मूळ मुद्द्यावर आले. त्यांची मुलगी सुरेखा सोलापुरात जनावरांची डॉक्टर होती. लग्न होऊन बरीच वर्षं झालेली, जावई कॉलेजात शिकवणारा. पोटी अजून मूल नव्हतं. आणि आबांच्या घरात नेम होता, की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही.

"मग तिच्याकडं गेल्यावर काय करता?" मी विचारलं.

"भाकरी फडक्यात बांदून नेतो. पाण्याची बाटली नेतो. ग्यालरीत बसून खातो. ती ताट घिऊन हुबी ऱ्हाती, मी न्हाय म्हनतो." बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते. "आता तिनं डोकं लढीवलंय. घरी न्हाय तर न्हाय, हाटेलात जेवू म्हनती. हाटेल काय तिचं घर न्हाय. पर सायेब, पैसं तिनं दिलं तर अन्न कुनाचं झालं? तिचंच की! म्हणून पैसं मी देनार. बोकड इकलाय. तुमी बिल गपचिप माज्या हातात द्या. सबूद द्या मला."

मी शब्द दिला. ते उठले, आणि जिन्यापाशी पोचेपर्यंत वहाणा हातातच होत्या.

दोन दिवस गेले नसतील तोवर फोन आला. "मी डॉक्टर सुरेखा बोलतेय. रविवारी दुपारी तिघांसाठी टेबल हवंय. काका, दोन गोष्टी विचारायच्या होत्या."

मला हसूच आलं. बापासारखीच लेक.

"माझे वडील धोतर-पटक्यात येतील. त्यांना दारात कुणी काही बोलणार नाही ना?"

"मुळीच नाही, ताई."

"आणि कार्डावरचे भाव त्यांना दिसायला नकोत. भाव बघितले तर ते पाणी पिऊन उठतील. काही करता येईल का?"

करता येत होतं. यजमानानं पाहुण्यांना जेवायला बोलावलं की पाहुण्यांना संकोच होऊ नये म्हणून आम्ही काही कार्डं बिनभावाची ठेवायचो. पदार्थ तेच, उजवी बाजू कोरी. भाव फक्त यजमानाच्या कार्डात. ती वापरायची वेळ बहुतेक कंपन्यांच्या जेवणात यायची. मी म्हणालो, तशी कार्डं देतो.

"आणि बिल माझ्याच हातात द्या, काका. त्यांच्यासमोर ठेवूच नका. नक्की ना?"

मी "नक्की" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बापाला दिलेला शब्द लेकीला सांगता येत नव्हता. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की एकाच टेबलावर मी दोन बाजूंना शब्द देऊन बसलोय. बिल कुणासमोर ठेवायचं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट. दोन मित्र जेवायला आले तर आधी कुणी खिसा चाचपला, जोडपं आलं तर कोण पर्स मांडीवर घेऊन बसलंय, हे बघून ठरवतो. नाहीच कळलं तर मधोमध ठेवतो आणि लांब जाऊन उभे राहतो. पण इथं मला सगळंच आधीपासून कळलेलं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

रविवारी डॉक्टरीणबाई आधी आल्या. मला वाटलं होतं चुडीदार, नाहीतर आजकालच्या ऑफिसातल्या बायका नेसतात तशी साडी. त्या इरकल नेसून आल्या होत्या, डोक्यावर पदर. पदर सारखा घसरत होता, कारण सवय नव्हती. काचेत बघून त्यांनी तो सारखा केला आणि मला म्हणाल्या, "आईला परकं वाटू नये म्हणून. बरं दिसतंय ना, काका?" मी म्हणालो, छान दिसतंय. खरंच छान दिसत होतं.

मग लिफ्टचं दार उघडलं आणि आबा बाहेर आले. मी त्यांना ओळखलंच नाही. अंगात करडी फुल पँट, पांढरा शर्ट, छातीवर घडीची रेघ, पायात मोज्यांशिवाय काळे बूट. डोकं उघडं. आयुष्यभर पटक्याखाली झाकलेलं कपाळ तेवढं गोरं दिसत होतं आणि त्याच्याखालचा चेहरा उन्हानं रापलेला. मागं आई, नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी. बाप लेकीसाठी पँट घालून आला होता आणि लेक आईबापासाठी पदर घेऊन. दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

"आबा, पटका कुठाय?" लेक म्हणाली. इतका वेळ माझ्याशी शहरी बोलणारी बाई क्षणात गावाकडची झाली.

"पिशवीत हाय."

"ही पँट कुणाची?"

"पुतन्याची. तुजी लाज नको जायला, मोट्या हाटेलात."

"माजी लाज? आबा, पटका काडा. हितंच बांदा."

"हितं? सगळ्यांम्होरं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "बांधा की, आबा. मी टोक धरतो." आईनं पिशवीतून पटका काढला. लाल, धुवून धुवून मऊ पडलेला, चांगल्या सुताचा. टाय-कोटातला मी हॉलच्या मधोमध पटक्याचं टोक धरून उभा, आणि आबा मान तिरकी करून गोल फिरत पीळ घालतायत. दोन टेबलांवरच्या माणसांनी चमचे खाली ठेवले. एका मुलीनं मोबाइल वर केला, तिला मी डोळ्यांनीच नको म्हटलं, आणि शहाण्या मुलीनं तो खाली ठेवला. पटका डोक्यावर बसल्यावर आबांचे खांदे सैल झाले. मग ते खुर्चीत पाठ टेकून बसले.

मी बिनभावाची कार्डं दिली. आबांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली, बोट उजवीकडं नेलं आणि तिथंच थांबवलं. कार्ड उलटं करून मागं बघितलं. मग वर माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं समजलं होतं, पण बोलायची सोय नव्हती. "परवा दर होतं की" म्हणावं तर परवा येऊन गेल्याचं फुटणार. मी छताकडं बघत उभा राहिलो.

"डाळ नको," शेवटी ते म्हणाले, "डाळीत कामाचं पैसं लई जात्यात."

"म्हंजी?" सुरेखाताईंनी विचारलं.

"कायी न्हाय. तू काय खातीस ते सांग. चांगलं म्हाग... चांगलं बगून घे."

मग सुरू झाला आग्रह. तो म्हणे तू घे, ती म्हणे तुमी घ्या. बापाला वाटत होतं आपण जेवण देतोय, लेकीला वाटत होतं आपण देतोय, आणि दोघंही यजमानासारखे दुसऱ्याच्या ताटाकडं बघत होते. आई मात्र जेवत होती. त्या माउलीनं पनीर, वांगं, ज्वारीची भाकरी, दही-भात, सगळं चवीनं खाल्लं आणि मला म्हणाली, "भाकरी बरी हाय, पर जरा जाड झालीया. थापनाऱ्या बाईला सांगा." मी सांगतो म्हणालो. भाकऱ्या थापणारा बाप्या होता, पण ते कशाला सांगा?

आबा हळूहळू खुलले. एका मेंढीला लेकीनं कसं वाचवलं ते सांगताना हसले. इतकी वर्षं या बापलेकींनी एका टेबलावर बसून जेवण केलं नव्हतं, हे त्या तिघांशिवाय माहीत असलेला त्या हॉलमध्ये मी एकटाच होतो. मला तिथून हलू नयेसं वाटत होतं आणि बिलाची वेळ जवळ येत होती म्हणून पळून जावंसंही वाटत होतं.

शेवटी मी बिल काळ्या पाकिटात घातलं आणि टेबलापाशी गेलो. मधोमध ठेवायचं ठरवलं होतं. पण ठेवायच्या आधीच दोन्हीकडून हात आले. पाकीट माझ्या हातात, एक कडा बापानं धरली, एक लेकीनं.

"आबा, सोडा. मी देनार."

"न्हाय. मी सायबास्नी सांगून ठिवलंय." त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मी पण सांगितलंय," ती म्हणाली आणि तिनंही माझ्याकडं बघितलं. 

"सुरेखा, नेम हाय. मूल हुस्तवर थांब. मग रोज येतो तुज्याकडं. रोज जेवतो."

तिचा पदर घसरला. तिनं तो सावरला नाही.

"आबा, मूल व्हनार न्हाय."

पाकिटाची कडा धरूनच ती पुढं म्हणाली, "सगळ्या डाक्टरांना दाखवलं. पुण्याला बी जाऊन आलो. न्हाय व्हनार. आज ह्येच सांगायचं होतं, म्हणून हे आले न्हाईत."

आईनं तोंडाला पदर लावला. "कवा कळलं तुला?"

"लई दिवस झालं."

"आन् आमास्नी आज सांगतीस व्हय गं?"

"कुटं सांगू आई? घरी आलात की तुमी ग्यालरीत बसता. पानी बी घेत न्हाय. दारातल्या पाव्हन्यासारखं बसलेल्या मानसाला असलं कसं सांगायचं?"

मला तिथून निघायला हवं होतं. असल्या वेळी कॅप्टननं नाहीसं व्हायचं असतं, हेच मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो. पण पाकीट माझ्याही हातात होतं आणि ते ओढून नेणं बरं दिसेना. माझे डोळे भरून आले होते, ते मी लपवलेही नाहीत.

आबांनी माझ्या हातातून पाकीट घेतलं. लेकीनं तिची कडा सोडून दिली. तिला वाटलं, संपलं, आबा काही नेम सोडणार नाहीत. मलाही तसंच वाटलं. आबांनी चष्मा लावला आणि बिलावर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायला सुरुवात केली. डाळ नव्हती. पनीर होतं, वांगं होतं, भाकरीची ओळ आली तिथं ते बराच वेळ थांबले. खालचा आकडा वाचला. चष्मा काढून पुसला. 

मग त्यांनी ते पाकीट टेबलावर ठेवलं आणि लेकीपुढं सरकवलं.

"दे. तूच दे."

तिनं मान वर केली. आई बघत राहिली. मी कार्डाचं मशीन पुढं केलं. बाईंनी नंबर चुकीचा दाबला, पुन्हा दाबला, डोळ्यांतलं पाणी मशीनवर पडलं. पावतीचा कागद निघताना जी बारीक करकर होते, तेवढाच आवाज होता.

"पर ह्ये शेवटचं," आबा जरा मोठ्यानं म्हणाले. आवाज रागावल्यासारखा काढायचा प्रयत्न होता, तो साधला नाही. "एका भाकरीला एवढं पैसं! हे असलं खाऊ घालाय तू काय साखर कारखान्याची चेअरमन हाईस? परवडत न्हाय हितलं. पुढल्या ऐतवारी तुज्या घरीच येतो जेवाय. भाकरी कर, तिच्यासंगं खायाला कोरड्यास कर."

 आईनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला. नाक पुसत लेकीनं विचारलं, "कशाचं करू कोरड्यास, आबा?"

"तू करशील ते खाईन," आबा म्हणाले.